‘दुष्काळ, १८९६’ असं लिहिलेली काच : एका वाचनालयाच्या जुन्या निगेटिव्हचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातलं एक बाजारपेठेचं गाव. त्याच्या कडेने एके काळी बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ जायचे. गावात शंभरी ओलांडलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, आणि पेठेत तीन पिढ्या चाललेला एक फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ बंद पडला, घर विकायला निघालं आणि माळ्यावरून दोन लाकडी पेट्या खाली आल्या. वारसांनी त्या भंगारात न घालता वाचनालयाला दिल्या. आत पुठ्ठ्याचे २३ खोके होते आणि त्यांत २६१ काचेच्या निगेटिव्ह. त्यांतल्या १७ फुटलेल्या.

जवळजवळ सगळ्या काचा हाफ-प्लेट आकाराच्या, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. दीड मिलिमीटर जाडीच्या अशा एका काचेचं वजन ७५ ग्रॅमच्या आसपास भरतं. बारा काचांचा खोका किलोभराचा होतो. हे आकडे आधी माहीत असले तर पेटी एकट्याने उचलायची नाही हे लक्षात येतं. काचेच्या एका बाजूला चांदीचे क्षार असलेला जिलेटिनचा थर असतो. चित्र त्या थरात असतं, काच फक्त आधाराला. या कोरड्या प्लेटा १८८०च्या सुमारास बाजारात आल्या आणि लहान गावांतल्या स्टुडिओंत अगदी १९५०च्या दशकापर्यंत वापरात राहिल्या. त्यामुळे ‘काचेची आहे म्हणजे एकोणिसाव्या शतकातली’ हा तर्क मुळातच चुकीचा. या प्रकरणात सुरुवातीला तोच चालला होता.

काचांवर काय होतं? नव्या लग्नाची जोडपी, मुंजीतला बटू, लंगोट कसलेले पैलवान, भजनी मंडळ, गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून भोवती उभं राहिलेलं घर. गावच्या स्टुडिओचं पोट यावरच चालायचं. बाहेर जाऊन घेतलेली चित्रं फक्त ३८. लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचांचं ओझं घेऊन कोणी पैसे देणारं असल्याशिवाय फोटोग्राफर सहसा बाहेर पडत नसे. तो बाहेर पडला असेल तर कोणासाठी, हा प्रश्न अशा प्रत्येक चित्राला विचारायला हवा.

त्या ३८ पैकी एका काचेवर हे प्रकरण उभं आहे. ती हाताने चिकटवलेल्या एका पाकिटात होती आणि पाकिटावर लिहिलं होतं : ‘दुष्काळ, १८९६’.

अडचण

वाचनालयाच्या वर्धापनदिनाला चार महिने होते. गावाच्या इतिहासाचं चित्रप्रदर्शन आणि एक स्मरणिका काढायचं ठरलं होतं, आणि ही काच त्याचा मध्यबिंदू ठरणार होती. उजेडासमोर धरल्यावर दिसायचं ते असं : मोकळं माळरान, पालं, शेकडो माणसं जमिनीवर बसलेली, मध्ये दगडांचे छोटे ढीग, मागे पत्र्याच्या शेडसारखी एक रांग. पालं म्हणजे दुष्काळी छावणी, दगड म्हणजे खडी फोडण्याचं काम, शेड म्हणजे सरकारी धान्याचं कोठार. मथळ्याने सांगितलं आणि डोळ्यांनी तसंच पाहिलं.

या समजाला आधारही होता. १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तिन्ही दुष्काळांनी सोलापूर भाजून काढला होता. दुष्काळी कामांवर खडी फोडून, तलावाची माती वाहून लोकांनी दिवस काढले. गावातल्या नव्वदीच्या एका आजींनी काचेची छापील प्रत पाहिली आणि म्हणाल्या, “आमच्या आईची आई ह्याच कामावर होती.” त्यानंतर शंका काढणं म्हणजे आजींवर शंका घेण्यासारखं झालं.

दुसरी अडचण काचांच्या प्रकृतीची होती. पाच खोक्यांना पावसाचं पाणी लागून गेलेलं. काही काचांच्या कडेला जिलेटिन सुटून पापुद्र्यासारखं उभं राहिलं होतं, काहींवर बुरशी, आणि बऱ्याच काचांच्या किनारीला चंदेरी झाक. ही झाक थरातली चांदी पृष्ठभागावर आल्याची खूण असते, ती धूळ नसते. पुसून जात नाही आणि पुसूही नये. सोलापूरच्या कोरड्या हवेमुळे नुकसान एवढ्यावर थांबलं. कोकणातल्या माळ्यावर या काचा इतकी वर्षं राहिल्या असत्या तर बहुतेक एकमेकींना चिकटून ढेप झाली असती.

समोरचे पर्याय

नकला काढण्यासाठी तीन वाटा होत्या. एक, शहरातल्या व्यावसायिकाकडे काचा पाठवणं. काम चांगलं झालं असतं, पण सुटलेल्या थराच्या काचा गाडीत हादरे खात जाणं धोक्याचं होतं. दोन, फ्लॅटबेड स्कॅनर. पारदर्शक वस्तूंसाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. घरगुती स्कॅनरवर निगेटिव्ह काळीच येते. शिवाय थर खाली करून ठेवला तर तो स्कॅनरच्या काचेला घासतो, आणि गुळगुळीत बाजू खाली ठेवली तर दोन काचांमध्ये तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं उमटतात. तीन, उजेडाच्या पाटावर काच ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपणं. गावातल्याच एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स होती. तिसरी वाट निवडली. काच जागची हलत नाही आणि प्रत्येक काचेला थर वर ठेवून हाताळता येतं, ही दोन कारणं पुरेशी होती.

मथळ्याबाबत कार्यकारिणीत तीन मतं पडली. पाकिटावर आहे तसं छापा, हे पहिलं. खात्री नसेल तर चित्रच वगळा, हे दुसरं. तिसरं मत ग्रंथपालांचं : चित्र ठेवा, पण मथळा हा वेगळा पुरावा समजा; तो कोणी, कधी, कशाने लिहिला ते आधी पाहू. हे मत बैठकीत एकटं पडलं. स्मरणिकेचा मजकूर छपाईला द्यायची तारीख जवळ आली होती, आणि ‘मागाहून पाहू’ म्हणून जुना मथळाच छापखान्यात गेला. या निर्णयाची किंमत पुढे मोजावी लागली.

काय केलं

पहिल्याच दिवशी सर्वांत मोठी चूक झाली. मदतीला आलेल्या उत्साही मंडळींनी काचा बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडल्या आणि बुरशी आलेले जुने खोके अंगणात जाळून टाकले. हेतू स्वच्छतेचा होता. पण त्या खोक्यांवर विलायती कंपन्यांची लेबलं होती, झाकणांवर पेन्सिलीने नोंदी होत्या, आणि कोणती काच कोणत्या खोक्यात कितव्या जागी होती हा क्रम होता. स्टुडिओवाला एका फेरीतल्या काचा एका खोक्यात ठेवतो. शेजारच्या दोन काचा बहुधा एकाच दिवसाच्या असतात. हा धागा त्या जाळात तुटला.

थोडं वाचलं ते एका कॉलेजातल्या मुलीमुळे. तिने खोके रिकामे होण्याआधी मोबाइलवर चाळीसेक फोटो काढले होते, तेही व्हॉट्सॲपवर टाकायला. पुढे हेच फोटो कागदपत्रं ठरले.

त्यानंतर काम शिस्तीत आलं. काच धरायची ती कडांना, सुती नव्हे तर नायट्राइल हातमोजे घालून. सुती मोज्यातून काच निसटते आणि धागा सुटलेल्या थरात अडकतो. थराच्या बाजूला हात नाही, पाणी नाही, कापडही नाही. स्टुडिओतल्या माणसाने चेहऱ्यावरचे देवीचे वण पेन्सिलीने झाकलेले असतात, मागची भिंत लाल-तपकिरी रंगाने बंद केलेली असते; हे रिटचिंग बहुतेक थरावरच असतं आणि एका ओल्या बोळ्याने कायमचं जातं. गुळगुळीत बाजू तेवढी आधी फुंकणीने, मग मऊ ब्रशने आणि गरज पडली तर डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओलावलेल्या कापसाने पुसली. फुटलेल्या काचांना टेप लावला नाही. तुकडे जाड पुठ्ठ्यावर जुळवून, मध्ये पट्ट्या ठेवून आडवे ठेवले. बाकीच्या काचा आम्लविरहित कागदाच्या चार घड्यांच्या पाकिटात, लांब कडेवर उभ्या, दर दहांमागे एक कडक पुठ्ठा. आडव्या रचल्या तर खालच्या काचेवर सगळा भार येऊन ती तडकते.

टिपण्यासाठी एलईडीचा पाट घेतला आणि त्याच्यावर चार सेंटिमीटर अंतर ठेवून दुधी ॲक्रिलिकचा पत्रा. अंतर नसेल तर दिव्यांचे ठिपके चित्रात येतात. काचेभोवती काळ्या कागदाची चौकट लावली, नाहीतर कडेचा उजेड लेन्समध्ये शिरून काळा भाग राखाडी होतो. पूर्ण काच एका चौकटीत टिपली की इंचाला साधारण ८४० बिंदू मिळतात. माणसांच्या फोटोंना तेवढं पुरलं. बाहेरची ३८ चित्रं तीन तुकड्यांत टिपून जोडली, तेव्हा इंचाला १२०० बिंदू मिळाले. दोघांच्या हातून दिवसाला २० ते २५ काचा व्हायच्या.

इथे दुसरी चूक झाली. थर वर असेल तर चित्र उलटं, आरशातल्यासारखं येतं; म्हणून सगळ्या फाइली शेवटी एकदम आडव्या उलटवायच्या ठरल्या होत्या. पण थर ओळखायची खूण म्हणजे त्याचा मंदपणा, आणि रिटचिंगच्या वार्निशामुळे काही काचांची ही बाजूही चकचकीत होती. अशा ३१ काचा पालथ्या टिपल्या गेल्या आणि एकदम उलटवताना नेमक्या त्याच बिघडल्या. लक्षात आलं ते एका बाईच्या नऊवारीमुळे. पदर उजव्या खांद्यावर दिसत होता. मग सगळ्याच चित्रांत पदर, सदऱ्याच्या गुंड्या आणि पाट्यांवरची अक्षरं तपासली. ज्या चित्रात यांतलं काहीच नाही तिथे मूळ काच तिरप्या उजेडात धरून कोरलेल्या ओरखड्यांवरून थर कुठला ते ठरवलं.

चित्रात दिसतं काय

दुष्काळाच्या म्हटलेल्या चित्राची फाइल सहा बाय चार अशा २४ चौकोनांत विभागली. दोन जणांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक चौकोन पूर्ण मोठा करून पाहिला आणि दोन रकान्यांत लिहिलं : एकात फक्त वस्तू, दुसऱ्यात तिचा अर्थ. ‘खडी’ हा अर्थ आहे; ‘तीन दगड, मध्ये काळं’ ही वस्तू. या साध्या विभागणीने चित्र पालटलं.

दगडांचे ढीग ढीग नव्हतेच. तीन-तीन दगडांच्या चुली होत्या, काहींवर पातेलं, एकीतून धूर. दुष्काळी कामाची खडी मोजमापासाठी चौकोनी रचतात. तशी एकही रास नव्हती. पालांच्या काठ्यांना टेकवून गुंडाळलेल्या पताका उभ्या होत्या. एका घोंगडीवर टाळांची जोडी, तिच्या शेजारी पखवाज आडवा. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, इतकी स्पष्ट की मणी मोजता यावेत. चौदाव्या चौकोनात एका बाईच्या पायाशी तुळशीवृंदावन ठेवलेलं.

मागची पत्र्याची शेड म्हणजे रेल्वेचे मालडबे होते. खाली चाकं दिसत होती, एका डब्यावर बी, एल, आर ही इंग्रजी अक्षरं. यात्रेच्या गर्दीला मालडबे लावून माणसं वाहायची पद्धत त्या काळी सर्रास होती. म्हणजे हे दुष्काळी काम नसून पंढरीच्या वाटेवरचा, किंवा परतीचा, वारकऱ्यांचा तळ होता.

साल तर डब्यांनीच मोडीत काढलं. बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने उभारली. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा तिचा पहिला टप्पा बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शी गावापर्यंत १८९७ मध्ये सुरू झाला. पंढरपूरकडचा फाटा १९०६चा, आणि हे गाव त्या फाट्यावरचं. १८९६ मध्ये इथे रूळच नव्हते. शिवाय मोठं करून पाहिल्यावर निम्म्या पुरुषांच्या डोक्याला पागोटी आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना गांधी टोपी. ही टोपी गावोगाव पोचली ती १९२० नंतर.

त्याच सुमारास मोबाइलमधले चाळीस फोटो नीट पाहिले गेले. एका फोटोत सातव्या खोक्याचं झाकण होतं आणि त्यावर पेन्सिलीने मोडीत दोन शब्द. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी पहिला वाचला : ‘स्टेशनाजवळ’. दुसरा शब्द फोटोच्या चौकटीबाहेर गेला होता. झाकण राखेत गेल्यामुळे तो आता कधीच वाचता येणार नाही. दुसऱ्या एका फोटोवरून मात्र कळलं की ही काच त्याच खोक्यात तिसऱ्या जागी होती आणि चौथ्या जागी आणखी एक बाहेरचं चित्र होतं. ते ३१ पालथ्यांपैकी एक निघालं. सरळ केल्यावर दिसलं की तो त्याच माळाचा उजवा भाग आहे. दोन्ही चित्रांत तेच कडुलिंबाचं झाड आणि तोच टेकलेला गाडा. फोटोग्राफरने तिपाई न हलवता कॅमेरा फिरवून दोन काचांत सगळा तळ घेतला होता. या दुसऱ्या काचेत रुळाकडेला एक पाटी आहे आणि तिच्यावर देवनागरीत ‘मिरजेकडे’. उलट्या फाइलमध्ये ती अक्षरं कोणी वाचायचा प्रयत्नच केला नव्हता. ही लाइन मिरजेला जोडली गेली १९२७ मध्ये.

आता खालची मर्यादा १९२७ झाली. वरची मर्यादा डब्यावरच्या अक्षरांवरून : १ जानेवारी १९५४ रोजी ही खासगी रेल्वे सरकारने घेतली. जुनी अक्षरं रंग जाईपर्यंत काही काळ राहिली असतील, म्हणून तिथे ‘सुमारे’ लिहिलं. कार्यकारिणीला ‘१९३०चं दशक’ असं सुटसुटीत हवं होतं. मोटारी दिसत नाहीत म्हणून १९४०च्या आधीचं, असा युक्तिवादही झाला. पण मोटार चौकटीत नसणं हा मोटार गावात नसल्याचा पुरावा नव्हे. नोंद ‘१९२७ ते सुमारे १९५४’ अशीच ठेवली. वारी कोणती हेही ठरवलं नाही. जमीन कोरडी आहे आणि अंगावर घोंगड्या आहेत, म्हणून कार्तिकी किंवा माघी वाटते. पण सोलापूरकडे आषाढही कोरडा जातो आणि वारकऱ्याच्या खांद्यावर घोंगडी बारा महिने असते.

पाकिटाची गोष्ट

उरला मथळा. तो निळ्या बॉलपेनने लिहिलेला होता, म्हणजे १८९६ इतका जुना असणं शक्यच नव्हतं. पाकीट उलगडलं तेव्हा कळलं की ते भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान कापून, खळीने चिकटवून केलं आहे. आतल्या बाजूला फेब्रुवारी महिना छापलेला. साल जिथे असायचं तो कोपरा कापला गेलेला.

महिना २८ दिवसांचा, १ तारखेला गुरुवार. असा फेब्रुवारी १९६२, १९७३, १९७९ आणि १९९० या वर्षांत येतो. पण पानावर अमावास्येचा काळा ठिपका होता, शनिवार ३ तारखेवर. १९६२चा फेब्रुवारी अष्टग्रहीचा, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आल्याचा. तेव्हा अमावास्या रविवारी ४ तारखेला होती. १९७९ आणि १९९० मध्ये ती महिन्याच्या अखेरीस येते. ३ तारखेला बसते ती फक्त १९७३ मध्ये.

फेब्रुवारी १९७३ म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाचा भर. गावोगाव खडी फोडायची कामं चालू होती, लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि सुकडीवर घरं जगत होती. स्टुडिओतल्या कोणीतरी त्या दिवसांत, किंवा ते पान रद्दीत गेल्यावर लवकरच, ही जुनी काच हातात घेतली. माळावरची पालं, दगड आणि बसलेली माणसं पाहून त्याला दारासमोरचं दृश्य आठवलं आणि आजोबांकडून ऐकलेलं साल त्याने वर लिहिलं. हा शेवटचा दुवा अनुमानाचा आहे आणि नोंदीत तसाच, अनुमान म्हणून, लिहिला. वारसांना अक्षर ओळखता आलं नाही.

निकाल

प्रदर्शनात दोन्ही काचा जोडून चार फूट रुंद चित्र लावलं. खाली मथळा : ‘वारकऱ्यांचा तळ, रेल्वेच्या कडेला, १९२७ ते सुमारे १९५४.’ शेजारी काचेच्या पेटीत ते पाकीट, कॅलेंडरची बाजू वर करून, आणि पूर्वीचा मथळा पुसून न टाकता लिहिलेला.

आजींना उद्घाटनाच्या आधी, घरी जाऊन सांगितलं. हे काम ग्रंथपाल आणि गावातल्याच एका शिक्षिकेने केलं. “तुमची गोष्ट खोटी नाही, फक्त हा फोटो तिचा नाही,” असं म्हटल्यावर आजी बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, “मग तिचा फोटो कुणी काढलाच नाही म्हणायचं.” त्यांची आठवण त्याच दिवशी ध्वनिमुद्रित केली, २२ मिनिटं. आजींच्या आईच्या आईला कामावर मिळणारी मजुरी, अंबाडीच्या पाल्याची भाजी, विकलेली बैलजोडी, सगळं त्यात आहे. प्रदर्शनात चित्राच्या समोरच्या भिंतीवर हा आवाज ऐकायची सोय होती आणि त्या भिंतीवर मुद्दाम एकही छायाचित्र लावलं नाही.

स्मरणिका मात्र चुकीच्या मथळ्यासह छापून झाली होती, ५०० प्रती. ३०० प्रतींत शुद्धिपत्र चिकटवता आलं. २०० आधीच वाटल्या गेल्या होत्या, आणि त्या पानाचा फोटो ‘आपल्या गावचा १८९६चा दुष्काळ’ म्हणून गावच्या गटांत अजून फिरतो. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांना हा सगळा खटाटोप गावाच्या इतिहासाचा अपमान वाटला. त्यांनी बैठकांना येणं बंद केलं.

पुन्हा करायचं झालं तर

खोके रिकामे करण्याआधी एक पूर्ण दिवस फक्त नोंदीला द्यायला हवा होता. प्रत्येक खोक्याचे सहाही बाजूंनी फोटो, झाकण आत-बाहेर, काचा जागेवर असताना वरून एक फोटो, मग मऊ पेन्सिलीने पाकिटावर खोका आणि जागा : ०७-०३, ०७-०४. बुरशीचा खोका टाकायचा नसतो. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळ्या खोलीत ठेवला की काचांना त्याचा त्रास होत नाही. हे एवढं झालं असतं तर शेजारच्या दोन काचा सातव्या आठवड्याऐवजी पहिल्याच आठवड्यात एकत्र आल्या असत्या, आणि मोडीतला दुसरा शब्दही हाती राहिला असता.

थर कुठल्या बाजूला आहे हे टिपताना फाइलच्या नावातच लिहायचं, नंतर सगळ्यांना एकदम उलटवायचं नाही. मथळ्याचे नोंदवहीत दोन रकाने हवेत, ‘पाकिटावर काय लिहिलं आहे’ आणि ‘आपण काय म्हणतो’, आणि पहिला कधीही दुरुस्त करायचा नाही. रेल्वेचा पुरावाही उलट क्रमाने आला. गावात रूळ केव्हा आले ही कोणालाही पहिल्या दिवशी विचारता येण्यासारखी गोष्ट होती. ती पाचव्या आठवड्यात विचारली गेली, कारण तोवर डब्यांना सगळे शेड म्हणत होते. प्रदर्शनातलं पुठ्ठ्याचं कार्ड एका रात्रीत बदलता येतं, स्मरणिका नाही. म्हणून छापील मजकूर सर्वांत शेवटी गेला पाहिजे होता.

गेलेल्या माणसांसह काढलेले घरगुती फोटो आणि नववधूंची चित्रं प्रदर्शनात न लावण्याचा निर्णय योग्य ठरला. ती नोंदवहीत आहेत. घरच्यांनी येऊन मागितली तर दाखवतात. अनोळखी माणसांच्या ६० फोटोंच्या छोट्या प्रती मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या ओसरीवर नंबर घालून लावल्या, शेजारी वही ठेवली. पाच बाजारांत नऊ माणसं ओळखली गेली. सातव्या खोक्याच्या उरलेल्या काचांवर काम चालू आहे. त्यातल्या एकीत तोच कडुलिंब आहे, खाली पालं नाहीत, आणि रुळाजवळ छत्री घेतलेला एक माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा आहे.